‘कुठे दुखतंय?’ : प्रश्न यंत्राचा, उत्तर आपले

मंडळी, मी डॉक्टर नाही आणि हिशेबनीसही नाही. पुण्यात इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षे न्यू जर्सीत सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आहे. तरीही ‘आरोग्य आणि अर्थ’च्या पानावर लिहायचे धाडस करतो आहे, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे घडले ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या घडणार आहे. लेखातली गोष्ट माझ्या आईची आहे आणि तिला विचारूनच लिहितो आहे. ‘लिही. माझ्यासारख्या दहाजणी तुझ्या मंडळात निघतील,’ असे तिचेच म्हणणे पडले.

दिवाळीच्या फराळासाठी बेसमेंटमधून मोठी कढई वर आणताना आईच्या कंबरेत उसण भरली. आई एकोणसत्तर वर्षांची. माझ्या मोठ्या बहिणीच्या अर्जावर २०१८ साली ग्रीन कार्ड घेऊन कोल्हापूरहून इकडे आली. शेक झाला, बाम झाला, ‘होईल बरं’ म्हणून झाले. जानेवारी आला तरी तिला मोज्यांपर्यंत हात पोहोचेना, तेव्हा डॉक्टरांनी फिजिकल थेरपीला, म्हणजे आपल्या भाषेत फिजिओकडे, पाठवले. भेटीच्या दोन दिवस आधी फोन वाजला. पलीकडून अगदी गोड आवाजात, ‘मी तुमच्या क्लिनिकची व्हर्च्युअल असिस्टंट. तुमच्या आजाराची थोडी माहिती घेऊ का?’ अर्थात इंग्रजीत. बाई नव्हे, यंत्र!

दिवाळी की दरी?

मी फोन स्पीकरवर टाकला. दुखणे केव्हापासून, असा पहिला प्रश्न. आई म्हणाली, ‘सिन्स दिवाळी.’ यंत्राने खातरजमा केली, ‘सिन्स द व्हॅली, बरोबर?’ आईने माझ्याकडे पाहिले. मी हसू आवरत तारीख सांगितली. पुढे, शून्य ते दहामध्ये वेदना किती? आई विचारात पडली. ‘तुझ्या वेळचं बाळंतपण दहा धरलं तर हे दोन,’ असे ती मला मराठीत सांगते आहे तोवर यंत्राने ‘मला ऐकू आले नाही’ म्हणून प्रश्न पुन्हा सुरू केला. असे तीनदा झाल्यावर मी सगळी सूत्रे हातात घेतली आणि उरलेल्या वीसेक प्रश्नांची उत्तरे भराभरा देऊन टाकली. मधुमेह? नो. स्टेरॉइड्स? नो. लघवीवर ताबा राहत नाही असे होते? मी आईकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘छे, काही नाही.’ नो!

सात मिनिटांत काम फत्ते. फोन ठेवताना मला आपल्या हुशारीचे कौतुकच वाटले. त्या सात मिनिटांत मी दोन चुकीची उत्तरे दिली होती, हे पुढे कळले.

यंत्र ऐकते कसे?

थोडी तांत्रिक माहिती देतो, कारण ती कळली की यंत्राचा राग कमी येतो. फोनवरच्या अशा मदतनीसाचे चार भाग असतात. पहिला भाग आवाजाचे शब्द करतो. दुसरा त्या शब्दांतून कामाची गोष्ट शोधतो, म्हणजे कोणता अवयव, किती दिवस, कोणते औषध. तिसरा पुढचा प्रश्न ठरवतो आणि चौथा तो बोलून दाखवतो. शेवटी सारी उत्तरे दवाखान्याच्या संगणकातल्या ठरावीक चौकटींत जाऊन बसतात आणि फिजिओ ती भेटीआधी वाचतो.

कल्पना आजची नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. वॉर्नर स्लॅक यांनी संगणकाकडून रुग्णांना ॲलर्जीविषयी प्रश्न विचारायची पद्धत बसवली आणि त्यावरचा लेख १९६६ साली प्रसिद्ध केला. तेव्हा पडद्यावरचा प्रश्न वाचून कळ दाबायची असे. २०११ मध्ये सिरी, २०१४ मध्ये ॲलेक्सा आणि २०१६ मध्ये गूगल असिस्टंट आल्यावर घरोघरी यंत्राशी बोलायची सवय लागली आणि दवाखानेही बोलून माहिती घेऊ लागले.

फिजिओथेरपीत तर या माहितीला फारच महत्त्व. सगळेच दुखणे एक्स-रेमध्ये दिसत नाही. कुठे दुखते, कशाने वाढते, कशाने थांबते, सकाळी जास्त की संध्याकाळी, रात्री झोपमोड होते का, पूर्वी पडलात का, औषधे कोणती, घरात जिने किती आणि बरे झाल्यावर तुम्हाला नेमके काय करायचे आहे, यावरून निम्मे निदान होते. काही प्रश्न तर धोक्याच्या घंटा ओळखण्यासाठीच असतात. विनाकारण वजन घटणे, ताप, पूर्वी झालेला कर्करोग, आणि विशेषतः मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणे. यातले शेवटचे लक्षण नव्याने दिसले तर फिजिओची वाट न पाहता तातडीने इमर्जन्सीत जायचे असते.

भेटीचा वेळ थोडा असतो. यंत्राने आधीच माहिती घेतली तर फिजिओचे हात टायपिंगऐवजी रुग्णाच्या पाठीवर राहतात. म्हणून मी या यंत्रांच्या विरोधात नाही. माझा प्रश्न एवढाच की ज्याचे दुखणे आहे त्याचेच म्हणणे त्या चौकटीत पोहोचते का?

यंत्र गडबडते ती बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे उच्चार. २०२० साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होते आणि काळ्या वक्त्यांच्या बोलण्यात ३५. याच देशात जन्मलेल्या माणसांची ही कथा, मग आपल्या कोल्हापुरी इंग्रजीचे काय? दुसरे ठिकाण म्हणजे शांतता. बोलणारा क्षणभर थांबला की ‘याचे संपले’ असे यंत्र समजते. आपली वडीलधारी माणसे तर आठवून, तिथी-वार जुळवून बोलणारी.

मुंग्या, चमक आणि ऊस

त्या रात्री मला वाटले, आपण एवढे इंजिनिअर, घरच्या घरी मराठीत प्रश्न विचारणारे यंत्र करता येणार नाही? गूगलने २०१७ मध्येच मराठी बोलणे टिपून घ्यायची सोय केली होती. ओपनएआयने २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचे जे प्रारूप खुले केले त्यालाही मराठी येते, आणि ते आपल्याच लॅपटॉपवर चालते, आवाज घराबाहेर पाठवावा लागत नाही. शनिवार-रविवार बसून मी पंचवीस प्रश्न मराठीत लिहिले, यंत्राच्या आवाजात बसवले आणि शांततेची मर्यादा चांगली सहा सेकंदांवर नेली.

आईवर पहिला प्रयोग केला तेव्हा लक्षात आले की मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. पाय भरून येतात ते वेगळे आणि पायांत गोळे येतात ते वेगळे. कंबर धरते, मान आखडते, गुडघा कुरकुरतो, टाच टोचते. फिजिओला हा फरक कळणे मोलाचे, कारण कंबरेतून पायात विजेसारखी जाणारी चमक मज्जातंतूकडे बोट दाखवते, तर जागच्या जागी आखडणे बहुधा स्नायूकडे. इंग्रजीत बोलताना आई या सगळ्याला ‘पेन’ म्हणत होती.

यंत्रालाही सगळे जमले असे नाही. ‘उसण भरली’ याचे त्याने ‘ऊस भरला’ केले. आई म्हणाली, ‘बघ, त्यालासुद्धा कळलं मी कोल्हापूरची!’ आणि ‘पायाला मुंग्या येतात’ हे वाक्य जेव्हा मी इंग्रजी भाषांतराला दिले तेव्हा पायावर खरोखरच्या मुंग्या चढल्या. बधिरपणाची खूण नाहीशी झाली आणि घरात कीटकनाशक फवारायची वेळ आली! तेव्हाच ठरवले की भाषांतर यंत्राकडे द्यायचे नाही. यंत्राने फक्त मराठीत विचारायचे, मराठीत लिहून छापील कागद द्यायचा आणि चुका आईने पेनने दुरुस्त करायच्या.

‘तू बाहेर जा’

दुसऱ्या दिवशी खरी मुलाखत सुरू करायची तर आई म्हणाली, ‘तू बाहेर जा. आणि तो कागद तू वाचायचा नाहीस.’ मला जरा लागले. सगळे मीच केले आणि मीच बाहेर? पण गेलो. दार लोटलेले. आतून पाऊण तास आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण एवढे सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

संगणकशास्त्रात याची एक जुनी गोष्ट आहे. एमआयटीतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ च्या सुमारास ‘एलायझा’ नावाचा, मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रश्न टाइप करून विचारणारा प्रोग्रॅम लिहिला. तो बोलतो म्हणजे निव्वळ वाक्यांची उलटापालट करतो, हे त्यांच्या सेक्रेटरीला ठाऊक होते. तरी त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर तिने प्राध्यापकमहाशयांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! कॉलेजात ही गोष्ट वाचून मी हसलो होतो. या वेळी दाराबाहेर मी उभा होतो.

भेटीच्या दिवशी मी क्लिनिकला मराठी दुभाषा मागितला. त्यांनी फोनवरून दुभाषी बाई जोडून दिल्या. आई कागद घेऊन आत गेली, मी बाहेर बसलो. दुभाष्या बाईंना कागद दिसत नव्हता, म्हणून आईनेच तो वाचून दाखवला. तासाभराने फिजिओ आईला सोडायला दारापर्यंत आल्या. गाडीत बसल्यावर आईने आपणहून सांगितले.

तीन वर्षांपासून खोकला आला, शिंक आली, काही उचलले की तिला थेंब थेंब लघवी होत होती. दम्यामुळे खोकला पाचवीला पुजलेला. म्हणून तिने पाणी पिणे कमी केले होते. म्हणूनच ती आपल्या मंडळाच्या गणपतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येईनाशी झाली होती. आम्हाला वाटले, थंडीचा कंटाळा करते, इथे तिचे मन रमत नाही. मी तर एकदा चिडून बोललोही होतो. ‘मुलासमोर, आणि तेही मुलाच्या तोंडून, हे कसं सांगायचं रे?’ ती म्हणाली. ‘त्या यंत्राला लाज नाही, मग त्याच्यासमोर मला कशाची? एकदा तोंडातून निघालं, कागदावर आलं, मग बाईंना वाचून दाखवणं सोपं गेलं.’

मी गाडी सुरू न करता थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

फिजिओंनी आधी धोक्याच्या घंटा तपासल्या. बधिरपणा नव्हता, ताकद ठीक होती, त्रास अचानक सुरू झालेला नव्हता आणि खोकण्या-शिंकण्यापुरताच होता. डॉक्टरांना कळवून त्यांनी कंबरेच्या व्यायामांबरोबर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरचे, उपचार सुरू करवले. हा फिजिओथेरपीचाच एक विभाग आहे आणि असा त्रास त्याने पुष्कळदा कमी होतो, हे मला तोवर माहीत नव्हते. आईलाही नव्हते. ‘वयोमानाने व्हायचंच’ असे ती धरून चालली होती.

दुसरी चूक स्टेरॉइडची. ‘दम्यासाठी कोणती गोळी घेता?’ या मराठी प्रश्नाला आईने सांगितले, ‘जास्त झालं की डॉक्टरांनी दिलेली छोटी पांढरी गोळी.’ कोल्हापूरची जुनी चिठ्ठी निघाली, ती गोळी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडच. वर्षानुवर्षे अशा गोळ्या होत राहिल्या तर हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि तशा पाठीवर जोर देऊन उपचार करणे घातक ठरू शकते. मी मात्र ठणकावून ‘नो’ सांगितले होते! यंत्राचा प्रश्न बरोबर होता, शब्द आईच्या ओळखीचा नव्हता आणि मध्ये मी होतो.

आता थोडे पैशांचे

या पानाचे नाव ‘आरोग्य आणि अर्थ’ आहे, तेव्हा खिशाकडे वळू. चुकलेल्या माहितीची किंमत डॉलरमध्येही मोजावी लागते.

पहिली गोष्ट, भेटींची संख्या. समजा तुमचा कोपे ४० डॉलर आहे. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे म्हणजे १२ भेटी आणि ४८० डॉलर. दुखण्याचे मूळ चुकीचे धरले गेले तर हाच खर्च पुन्हा.

दुसरी, पहिल्या तपासणीचे बिल. २०१७ पासून फिजिओच्या पहिल्या तपासणीला तीन कोड आहेत : ९७१६१, ९७१६२ आणि ९७१६३, म्हणजे सोपी, मध्यम आणि गुंतागुंतीची. कोणता लागणार हे ठरवताना इतर आजार किती, हेही पाहतात, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या इतिहासाचा त्यात वाटा असतो. मेडिकेअर तिन्हींना सारखेच पैसे देते. खासगी विम्याचे मात्र आपापले विचारून घ्यावे.

तिसरी, मेडिकेअर. ग्रीन कार्डावर पाच वर्षे सलग राहिलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला हप्ता भरून पार्ट बी घेता येतो. फिजिओथेरपी त्यात येते. २०२५ सालची वजावट २५७ डॉलर होती, त्यानंतर मंजूर रकमेचे २० टक्के आपले. फिजिओवर मेडिकेअरने घातलेली वार्षिक मर्यादा १९९७ च्या कायद्यातून आली होती, ती २०१८ मध्ये उठली. आता एका रकमेनंतर (२०२५ मध्ये २,४१० डॉलर, फिजिओ आणि वाचोपचार मिळून) उपचार आवश्यक असल्याचे फिजिओने नोंदवायचे असते. ही नोंद भक्कम व्हायची तर मुळातली माहिती भक्कम हवी.

चौथी, व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेले आईवडील. या पॉलिसींत जुने आजार सहसा वगळलेले असतात. ‘फाइव्ह वीक्स’चे यंत्राने ‘फाइव्ह इयर्स’ ऐकले तर कालची लचक जुना आजार ठरू शकते. म्हणून नोंद तपासा. खोटे सांगा असे मी मुळीच म्हणत नाही. खरे आहे तेच नीट उतरले की नाही ते बघा, एवढेच.

पाचवी, तुमचे एचएसए खाते. फिजिओचा खर्च त्यातून करता येतो, पण आईवडिलांसाठी तो करायचा तर ते कराच्या दृष्टीने तुमच्यावर अवलंबून असले पाहिजेत. हे आपल्या कर सल्लागाराला जरूर विचारा.

यंत्राचा फोन येईल तेव्हा

आमच्या अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी.

१. माहिती माणसाला किंवा कागदावर देण्याची सोय आहे का, हे विचारा. यंत्राचा हट्ट धरू नका आणि त्याला घाबरूही नका.

२. दुभाषा मागा. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ प्रमाणे सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी तो विनामूल्य द्यायचा असतो, ‘तुमचा माणूस आणा’ म्हणायचे नसते. २०२४ च्या नियमात तर असेही आहे की नातेवाईकानेच दुभाषा व्हावे अशी रुग्णाची इच्छा असेल, तर ती त्याने नातेवाईक समोर नसताना सांगायची. हा नियम लिहिणाऱ्याला माझ्या आईसारखीच कोणीतरी भेटली असावी!

३. औषधांच्या नावांऐवजी डब्या, चिठ्ठ्या समोर घेऊन बसा. भारतातून आणलेली औषधे आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा सांगा.

४. आकड्यात वेदना सांगणे जमत नसेल तर काम सांगा. ‘दहा मिनिटे उभे राहून पोळ्या लाटता येत नाहीत’ हे उत्तर फिजिओला फार उपयोगी पडते. कंबरदुखीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत चालणे, बसणे, झोपणे असेच प्रश्न असतात.

५. यंत्राने काय लिहिले त्याची प्रत मागा आणि पहिल्या भेटीत फिजिओबरोबर ओळीने वाचा.

६. दवाखान्याच्या यंत्राला १९९६ चा हिपा कायदा लागू होतो. स्वयंपाकघरातल्या स्पीकरला तुम्ही आपणहून सांगितलेल्या गोष्टींना तो सहसा लागू होत नाही. तब्येतीची गाऱ्हाणी त्याला सांगण्यापूर्वी हा फरक ध्यानात असू द्या.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे : मुलामुलींनो, निदान थोडा वेळ खोलीबाहेर जा.

या सहा महिन्यांत आईची कंबर बरीच सुधारली. मोजे स्वतः घालते. व्यायामाचा कागद फ्रीजवर लावला आहे आणि रोज रात्री त्यावर खूण करते. खोकला आहे, पण पाण्याचा तांब्या पुन्हा उशाशी आला. तो लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम मी पुढे वाढवला नाही. त्याचे काम त्या पाऊण तासात झाले होते. मात्र ते पंचवीस मराठी प्रश्न छापून ठेवले आहेत. कोणाला आपल्या आईवडिलांसाठी हवे असतील त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटावे.

आई या वेळी गणपतीला येणार आहे. आरतीनंतर मोदकांच्या रांगेत दिसेल. तब्येत विचारायची असेल तर तिलाच विचारा. तिच्या वतीने उत्तर द्यायचे मी आता सोडून दिले आहे.